प्रोसेसर मागे पडतो की ग्राफिक्स कार्ड? गेम नेमका कुठे अडतो

माझ्या भाच्याच्या कॉम्प्युटरमध्ये इंटेलचा आय५-७४०० हा २०१७ सालचा प्रोसेसर होता. चार कोर (स्वतंत्रपणे काम करणारे भाग), चार थ्रेड (एका वेळी चालणारे कामाचे धागे). साठवलेल्या पैशांतून त्याने आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड घेतले, स्वतःच बसवले आणि दुसऱ्या दिवशी मला फोन केला, "मामा, कार्डच खराब निघालं वाटतं." सायबरपंक २०७७ या गेममध्ये शहराच्या भर वस्तीत गाडी घातली की चित्र अडखळत होते, आणि ग्राफिक्सच्या सगळ्या सेटिंग्ज तळाला नेल्या तरी फरक पडत नव्हता. मी त्याच्याकडे जाऊन पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखवणारा प्रोग्राम सुरू केला, तेव्हा प्रोसेसरचे चारही कोर शंभराला टेकलेले दिसले आणि कार्डाचा आकडा मात्र पन्नाशीच्या आसपास घुटमळत होता. कार्डात काहीच बिघाड नव्हता. त्याच्या हाती पुरेसे काम येत नव्हते, इतकेच.

या स्थितीला गेम खेळणारे बॉटलनेक म्हणतात. बाटलीचे पोट कितीही मोठे असले तरी पाणी गळ्यातून मावेल तेवढेच बाहेर पडते, हा त्यातला अर्थ. शब्द सोपा आहे, पण तो वापरताना बहुतेकांचा असा समज असतो की बॉटलनेक हा दोन सुट्या भागांच्या जोडीचा कायमचा गुणधर्म आहे, म्हणजे अमुक प्रोसेसरला अमुक कार्ड 'चालते' किंवा 'चालत नाही', जणू पत्रिकाच जुळवायची आहे. तसे ते नसते. तीच जोडी एका गेममध्ये प्रोसेसरपाशी अडते आणि दुसऱ्या गेममध्ये कार्डापाशी, आणि हे का घडते ते कळायला एक फ्रेम कशी तयार होते ते आधी पाहावे लागते.

पडद्यावर हालचाल दिसते ती एकामागून एक येणाऱ्या स्थिर चित्रांमुळे, आणि त्यातल्या प्रत्येक चित्राला फ्रेम म्हणतात. एक फ्रेम तयार व्हायला दोन अगदी वेगळ्या स्वभावाची कामे व्हावी लागतात. पहिले काम प्रोसेसरचे असते. खेळणाऱ्याने कोणते बटण दाबले, गोळी कुठे लागली, रस्त्यावरचा प्रत्येक माणूस आता कुठे वळणार, कोसळणारी भिंत कशी कोसळणार, कॅमेऱ्यासमोर कोणत्या वस्तू आहेत आणि कोणत्या आडोशाला आहेत, हे सगळे तो ठरवतो आणि मग "ही वस्तू इथे, या रूपात काढ" अशा हजारो आज्ञांची यादी ग्राफिक्स कार्डाच्या ड्रायव्हरकडे सोपवतो. या आज्ञांना ड्रॉ कॉल म्हणतात. दुसरे काम कार्डाचे असते. त्या यादीप्रमाणे त्रिकोणांचे सांगाडे उभे करायचे, त्यांवर टेक्सचर, म्हणजे पृष्ठभागाची चित्रे, चढवायची, उजेड आणि सावल्यांचा हिशेब करायचा आणि शेवटी पडद्यावरच्या प्रत्येक पिक्सेलचा रंग ठरवायचा. पहिल्या कामात निर्णय फार असतात आणि ते एकमेकांवर अवलंबून असतात. दुसऱ्या कामात एकच सोपे गणित लाखो ठिकाणी एकाच वेळी करायचे असते. म्हणूनच प्रोसेसरमध्ये मोजकेच पण चलाख कोर असतात, आणि कार्डात हजारो साधी गणनयंत्रे असतात.

वेळेचे बंधन दोघांनाही सारखेच असते. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या, मॉनिटरचा पुरेपूर उपयोग करायचा असेल तर ६.९, आणि २४० हर्ट्झसाठी जेमतेम ४.२. बॉटलनेकचा विचार एफपीएसमध्ये (सेकंदाला किती फ्रेम) न करता मिलिसेकंदांत केला तर गोंधळ बराच कमी होतो, असा माझा अनुभव आहे.

घरात पंचवीस-तीस माणसांचे जेवण असले की पोळ्यांना दोघे बसतात, एक लाटतो आणि दुसरा भाजतो. लाटायला २० सेकंद आणि भाजायला ३० सेकंद लागत असतील तर पोळी ५० सेकंदांनी उतरते का? नाही. भाजणारा एक पोळी भाजत असतानाच लाटणारा पुढची लाटतो, त्यामुळे दर ३० सेकंदांना एक पोळी डब्यात पडते आणि लाटणाऱ्याला मध्ये १० सेकंद हातावर हात ठेवून बसावे लागते. गेममध्येही तसेच घडते. कार्ड या क्षणाची फ्रेम रंगवत असते तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करत असतो. म्हणून फ्रेमचा वेग दोघांच्या वेळांच्या बेरजेवर ठरत नाही, ज्याला जास्त वेळ लागतो त्याच्यावर ठरतो. समजा प्रोसेसरला एका फ्रेमसाठी १० मिलिसेकंद लागतात आणि कार्डाला १६. तर सेकंदाला साधारण ६२ फ्रेम मिळतील. आता दुप्पट वेगाचे कार्ड आणले आणि त्याचे काम ८ मिलिसेकंदांत होऊ लागले, तर फ्रेम १२५ व्हायला हव्यात असे वाटते, पण त्या १०० वरच थांबतात, कारण प्रोसेसरचे १० मिलिसेकंद जागचे हललेले नसतात. कार्डाच्या वेगाचा काही भाग असा न वापरता पडून राहतो. त्यापुढे आणखी महाग कार्ड घेतले तर त्या गेममध्ये, त्या सेटिंग्जवर, एकही फ्रेम वाढणार नाही.

आता रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्रात किती पिक्सेल आहेत याचा, विचार करू. १०८०पी म्हणजे १९२० गुणिले १०८०, एकूण २०,७३,६०० पिक्सेल. १४४०पी म्हणजे ३६,८६,४०० पिक्सेल. ४के म्हणजे ८२,९४,४०० पिक्सेल, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट. हे सगळे पिक्सेल रंगवायचे ओझे कार्डावर पडते. रस्त्यावर किती माणसे आहेत आणि ती कुठे चालली आहेत हा प्रोसेसरचा हिशेब मात्र पडदा लहान असो वा मोठा, जवळपास तेवढाच राहतो. पोळ्या जाड लाटल्या तर तव्यावर वेळ जास्त जाईल, लाटणाऱ्याला फारसा फरक पडणार नाही, तसेच हे. म्हणून एकाच कॉम्प्युटरवर १०८०पीला प्रोसेसर मागे पडताना दिसतो आणि ४केला त्याच प्रोसेसरला उसंत मिळते. नव्या प्रोसेसरच्या चाचण्या जाणकार लोक मुद्दाम कमी रिझोल्यूशनवर आणि सगळ्यांत वेगवान कार्ड लावून घेतात ते याच कारणाने. कार्डाचा अडसर बाजूला काढल्याशिवाय दोन प्रोसेसरांतला फरक दिसतच नाही. अशा चाचणीवर "पण इतके महाग कार्ड घेऊन १०८०पीवर खेळतो कोण?" असा आक्षेप हमखास येतो, आणि तो चाचणीचा हेतू न समजल्यामुळे येतो.

गेमच्या जातीनेही चित्र पालटते. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ सारख्या स्पर्धात्मक गेमचे ग्राफिक्स कार्डाला हलके असते, पण खेळणाऱ्यांना त्यात सेकंदाला दोन-तीनशे फ्रेम हव्या असतात, त्यामुळे ओझे प्रोसेसरवर येते. सिटीज: स्कायलाइन्स २ मध्ये हजारो नागरिकांचे जाणे-येणे सतत मोजावे लागते, तेव्हा शहर वाढते तसा प्रोसेसर धापा टाकू लागतो. बाल्डर्स गेट ३ हा गेम सुरुवातीला रानावनात व्यवस्थित चालतो आणि तिसऱ्या अंकात मोठ्या शहरात शिरल्यावर त्याच यंत्रावर रखडू लागतो, कारण तिथे एकाच वेळी अनेक पात्रे जिवंत ठेवावी लागतात. उलट सायबरपंकमध्ये १४४०पीवर रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून उजेड-सावल्या काढण्याची पद्धत) पूर्ण लावले तर मध्यम दर्जाचे कोणतेही कार्ड प्रोसेसरच्या कितीतरी आधी दमते. एएमडीचा सहा कोरांचा प्रोसेसर रायझन ५ ५६०० आणि आरटीएक्स ४०६० ही आपल्याकडे बऱ्याच जणांची जोडी आहे. व्हॅलोरंटमध्ये ती प्रोसेसरपाशी अडेल आणि रे ट्रेसिंग लावलेल्या सायबरपंकमध्ये कार्डापाशी. मग ती जोडी जुळली की नाही?

इंटरनेटवर दोन नावे टाकली की "बॉटलनेक १४ टक्के" अशा छापाचे उत्तर देणारी जी कॅल्क्युलेटरे आहेत, त्यांच्याबद्दल मी वेगळे काही लिहिण्याची गरज उरत नाही. त्यांतली काही रिझोल्यूशन विचारतात. पण तुम्ही कोणता गेम खेळता, कोणत्या सेटिंग्जवर आणि किती एफपीएससाठी, हे जिथे विचारलेच जात नाही तिथे ते टक्के कशाचे आहेत हे सांगता येणार नाही.

स्वतःच्या यंत्रावर अडथळा कुठे आहे ते ओळखणे त्यापेक्षा सोपे आहे. एमएसआय आफ्टरबर्नरसारखा प्रोग्राम लावून गेम चालू असतानाच कार्डाचा वापर किती टक्के आहे ते पाहावे. तो ९५ ते ९९ टक्क्यांच्या दरम्यान असेल तर कार्ड पूर्ण क्षमतेने काम करत आहे आणि मर्यादाही तेच घालत आहे. हा आकडा पाहून नवखे लोक घाबरतात. वास्तविक बहुतेक गेमसाठी हीच इष्ट स्थिती असते, कारण पैसे ज्या भागावर सर्वांत जास्त घातले तो भाग पूर्ण वापरला जात असतो. कार्डाचा वापर ६०-७० टक्क्यांवर असेल आणि हव्या तेवढ्या फ्रेम मिळत नसतील, तर संशय प्रोसेसरवर घ्यावा. अर्थात आधी व्ही-सिंक (फ्रेमचा वेग मॉनिटरच्या वेगाशी बांधणारी सेटिंग) किंवा फ्रेमची मर्यादा लावलेली नाही ना, ते पाहावे. ६० फ्रेमची मर्यादा घातली असेल तर कार्ड ६० फ्रेम काढून स्वस्थ बसते, आणि तो अडथळा नसून तुम्हीच दिलेली आज्ञा असते.

इथे एक फसगत नेहमी होते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा एकूण वापर ३५ टक्के दिसतो आणि मनुष्य म्हणतो, प्रोसेसर तर मोकळा आहे! पण सहा कोर, बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्णपणे भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्क्यांची भर घालतो. बहुतेक गेममध्ये एक मुख्य थ्रेड असतो, ज्याच्याकडून बाकीच्यांना कामे वाटली जातात, आणि तोच भरला की बाकीचे कोर मोकळे असूनही काम पुढे सरकत नाही. ऑफिसमध्ये वीस कारकून रिकामे बसलेले आणि सगळ्या फायली एकाच साहेबाच्या सहीसाठी अडकलेल्या, हे दृश्य ज्याने पाहिले आहे त्याला वेगळे समजवावे लागणार नाही. २०१५ मध्ये आलेल्या डायरेक्टएक्स १२ ने आणि २०१६ मध्ये आलेल्या व्हल्कनने (गेम आणि कार्ड यांच्यातला सॉफ्टवेअरचा दुवा ही दोन्ही असतात) ड्रॉ कॉलचे काम अनेक कोरांवर वाटण्याची सोय करून दिली, परंतु ती सोय किती वापरायची हे गेम बनवणाऱ्यांच्या हाती राहिले आणि सगळ्यांनी ती सारखी वापरलेली नाही.

म्हणून टक्क्यांवर विसंबण्यापेक्षा एक साधा प्रयोग अधिक भरवशाचा ठरतो. गेम अडखळतो त्याच जागी उभे राहून रिझोल्यूशन एकदम खाली आणायचे, १०८०पीवरून ७२०पीवर. फ्रेम भराभर वाढल्या तर अडथळा कार्डात होता. फ्रेम होत्या तिथेच राहिल्या तर पिक्सेल कमी होऊनही काही बदलले नाही, म्हणजे अडथळा प्रोसेसरच्या बाजूला आहे. भाच्याने सेटिंग्ज तळाला नेऊन अजाणता हाच प्रयोग केला होता. फक्त उत्तर चुकीचे वाचले. या निष्कर्षातून निघणारा उपाय थोडा उफराटा वाटतो, पण खरा आहे: प्रोसेसर अडत असेल तर कार्डावर पडणाऱ्या सेटिंग्ज खुशाल वाढवाव्यात. टेक्सचर, धुके, उजेडाचा दर्जा वाढवल्याने मोकळे बसलेले कार्ड कामाला लागते आणि फ्रेम जवळपास तेवढ्याच राहून चित्र मात्र देखणे होते. कमी करायच्या असतील तर गर्दीची घनता, किती दूरवरचे दिसावे ते अंतर आणि रे ट्रेसिंग, कारण यांचा भार प्रोसेसरवरही पडतो. रे ट्रेसिंग फक्त कार्डाला जड जाते हा गैरसमज आहे. दृश्यातल्या वस्तूंची जी रचना किरणांसाठी सतत अद्ययावत ठेवावी लागते, तिच्यात प्रोसेसरलाही राबावे लागते.

डीएलएसएस आणि एफएसआर या अपस्केलिंगच्या युक्त्यांनाही हाच नियम लागू होतो. १०८०पीच्या पडद्यावर डीएलएसएसचा क्वालिटी मोड लावला की कार्ड आतून १२८० गुणिले ७२० एवढेच चित्र काढते आणि ते मोठे करून दाखवते. कार्ड अडत असेल तर हा उपाय फार गुणकारी आहे, पण प्रोसेसर अडत असेल तर त्याने जवळपास काहीच हाती लागत नाही. फ्रेम जनरेशन मात्र वेगळे. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मधली फ्रेम कार्ड स्वतःच रचते आणि तिच्यासाठी प्रोसेसरला खेळाचा हिशेब पुन्हा करावा लागत नाही, त्यामुळे प्रोसेसर अडलेला असतानाही आकडा वाढतो. परंतु बटणाला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमच्याच गतीने येतो. मूळ फ्रेम ३० असताना पडद्यावर ६० दिसल्या तरी हाताला खेळ जडच लागतो.

काही वर्षांपूर्वीपर्यंत चार कोरांचा प्रोसेसर गेमला पुरत होता आणि मग अचानक अपुरा का पडू लागला, याचे उत्तर गेम कन्सोलमध्ये आहे. २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये आठ कोर होते खरे, पण १.६ गिगाहर्ट्झने चालणारे आणि मुळात अशक्त. मोठे गेम त्या कन्सोलवर चालतील अशा बेताने लिहिले जात, तेव्हा घरच्या कॉम्प्युटरचा चार कोरांचा आय५ त्यांना सहज भारी पडत असे. नोव्हेंबर २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ आला तो एएमडीच्या झेन २ घडणीचे आठ कोर आणि सोळा थ्रेड घेऊन, आणि ३.५ गिगाहर्ट्झपर्यंत धावणारा. गेम त्याच्या मापाने बेतले जाऊ लागले आणि जुन्या चार कोर-चार थ्रेडवाल्यांची सुखाची वर्षे संपली.

पण कोर मोजून आणि गिगाहर्ट्झ पाहून प्रोसेसर निवडणेही पुरेसे नाही. एएमडीने एप्रिल २०२२ मध्ये रायझन ७ ५८००एक्स३डी आणला. त्याच्याच आधीच्या ५८००एक्सपेक्षा त्याचा कमाल वेग कमी होता, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ. कोर तेवढेच, आठ. फरक एवढाच की एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) ३२ मेगाबाइटवरून ९६ मेगाबाइटवर नेली होती, प्रोसेसरवर मेमरीचा आणखी एक थर रचून. आणि गेममध्ये तो थोरल्या भावाला सहज मागे टाकू लागला. गेमची माहिती मेमरीत विखुरलेली असते, आणि रॅमपर्यंत जाऊन ती आणायला कॅशमधून घेण्यापेक्षा कितीतरी पट वेळ लागतो. त्या वाट पाहण्यात कोर रिकामा जातो. फडताळातला डबा काढणे आणि प्रत्येक वेळी कोपऱ्यावरच्या वाण्याकडे धावणे, यांतला हा फरक आहे. रायझन ५ ५५०० आणि ५६०० ही नावे शेजारी-शेजारी दिसतात, किमतीतही थोडाच फरक असतो, पण पहिल्यात १६ मेगाबाइट एल३ कॅश आहे आणि दुसऱ्यात ३२. गेमसाठी घ्यायचा असेल तर तेवढा फरक सोसून ५६०० घ्यावा असे मी सांगतो.

याच कारणाने रॅमकडे दुर्लक्ष करून चालत नाही. भाच्याच्या यंत्रात १६ जीबी रॅम होती, पण जोडणाऱ्याने ती एकाच पट्टीत बसवली होती. ८ जीबीच्या दोन पट्ट्या योग्य खाचांत बसवल्या की माहितीचे दोन मार्ग खुले होतात. एकाच पट्टीत निम्मा रस्ता बंद असतो आणि त्याचा फटका नेमका प्रोसेसर अडणाऱ्या गेममध्येच बसतो. शिवाय ३२००ची म्हणून घेतलेली डीडीआर४ रॅम बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग, सुरू न केल्यामुळे २१३३ किंवा २६६६ वर वर्षानुवर्षे चालत राहिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

आणखी एक कोपरा पाहायचा राहतो, तो म्हणजे कार्ड ज्या पीसीआयई खाचेत बसते ती. आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ६६०० या कार्डांना सोळाऐवजी आठच लेन (माहिती जाण्याचे मार्ग) आहेत, आणि जुन्या पीसीआयई ३.० पिढीच्या मदरबोर्डवर त्यांतून निम्म्या वेगाने माहिती जाते. कार्डाची ८ जीबी मेमरी पुरते तोवर हे फारसे जाणवत नाही. आरएक्स ६५०० एक्सटीची गोष्ट मात्र खरेच बिकट आहे: मेमरी ४ जीबी आणि लेन फक्त चार, त्यामुळे मेमरी भरून टेक्सचर रॅममधून आणायची वेळ आली की ३.० च्या मदरबोर्डवर ते कार्ड गुदमरते. जुन्या यंत्राला नवे जीवन देण्यासाठी लोक स्वस्त कार्ड शोधतात आणि नेमके हेच कार्ड घरी आणतात. माझ्या मते तसे करू नये.

तेव्हा खरेदीचा क्रम मी असा सुचवतो की सुरुवात प्रोसेसरपासूनही नको आणि कार्डापासूनही नको. मॉनिटरपासून आणि रोजच्या गेमपासून करावी. १०८०पीचा ६० किंवा ७५ हर्ट्झचा मॉनिटर असेल आणि कथेचे मोठे गेम खेळायचे असतील, तर आय५-१२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० इतका प्रोसेसर भरपूर झाला. उरलेले पैसे कार्डावर घालावेत. २४० हर्ट्झवर व्हॅलोरंट खेळणाऱ्याने याच्या उलट करावे, साधे कार्ड आणि मोठ्या कॅशचा प्रोसेसर. ४केवर खेळायचे असेल तर पैशांचा बराच मोठा वाटा कार्डाला जाणार हे धरूनच चालावे. कार्ड दोन-तीन वर्षांनी काढून दुसरे बसवणे सोपे असते. प्रोसेसर बदलायचा तर पुष्कळदा मदरबोर्डही बदलावा लागतो, म्हणून प्रोसेसर आजच्या गरजेपेक्षा एक पायरी वरचा घेतलेला चालतो. एएमडीच्या एएम४ या प्रोसेसर-खाचेच्या मदरबोर्डवाल्यांचे नशीब यात चांगले. २०१७ च्या अनेक बोर्डांवरही बायोस अद्ययावत करून रायझन ५००० मालिकेतले प्रोसेसर बसतात.

भाच्याच्या बोर्डाला ती सोय नव्हती. त्याच्या पुढच्या पिढीचे, आठव्या पिढीचे इंटेल प्रोसेसर दिसायला त्याच खाचेत मावतात, पण त्या बोर्डावर चालत नाहीत. फार तर जुन्या बाजारातून आय७-७७०० मिळाला असता, चार कोर आणि आठ थ्रेडचा. त्यासाठी पैसे घालणे मला पटले नाही. त्या दिवशी आम्ही गेममधली गर्दी कमी केली, टेक्सचर आणि उजेड वाढवला आणि फ्रेमची मर्यादा ४० वर बांधली, म्हणजे आकडा खाली-वर नाचायचा थांबला. दोन महिन्यांनी त्याने आय५-१२४००एफ आणि डीडीआर४ चालणारा बोर्ड घेतला. जुनी २४००ची पट्टी तूर्त तीच आहे, तिच्या जोडीला तशीच दुसरी तो सध्या शोधतो आहे.